काडी कुठाय?

कवठे एकंदला आदगोंडा मामाच्या परसात
भाद्रपदापासून कोळसा कुटला जायचा,
तुरकाट्यांचा, पिठासारखा.
सोरा वेगळ्या कोनाड्यात. गंधक वेगळ्या.
मामाच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं.
राहिलेल्या दीडाबद्दल तो सांगायचा,
"ती आधी पोचली."

मी नऊ वर्षांची असताना त्यानं एक विझका बाण सोलून दाखवला.
"हे बघ राजमते, मधी पोकळ.
गच्च भरला तर नुसता फुसफुसतोय.
पोकळीच्या भिंती जळतात सगळीकडनं, म्हणून जोर."
तळाला मातीचं बूच, बुचाला भोक
करंगळीच्या नखाएवढं.
"आग मोठी, दार बारीक.
भाईर पडताना घराला लाथ मारतीय बघ."

पुढं कॉलेजात त्या लाथेला तिसरा नियम म्हणाले.
पेपरात मी आधी लाथच लिहिलं होतं.

आता मी कुपवाडच्या एमआयडीसीत, मोजमाप खात्यात.
एकदा ग्रॅफाइटची पंचवीस कडी आली,
अग्निबाणाच्या गळ्यात बसायची,
डमरूच्या कमरेसारखी.
वायू त्या कमरेपाशी आवाजाचा वेग गाठतो
आणि पुढं जागा मिळाली की आणखी पळतो.
नदीच्या अगदी उलट!
हरिपूरच्या संगमावर बघा, पात्र पसरलं की
कृष्णा कशी रेंगाळते.

त्यातलं एक कडं मीच नापास केलं,
तीन शतांश मिलिमीटरसाठी.
साहेबांची सही, गेटपास,
आणि रविवारी ते कवठ्याला.

मामानं ते डोळ्याला लावलं,
त्यातनं शेजाऱ्याची म्हैस बघितली.
मी सांगत गेले:
शंभर किलोत नव्वद किलो इंधनच, मामा.
वर हवा नाही, म्हणून श्वाससुद्धा बरोबर न्यायचा.
"म्हंजे सोराच की."
सोराच. पातळ, बर्फाहून गार, पण सोराच.
रिकामी टाकी वाटेतच सोडून देतात.
"शाणी माणसं. आमचा बाण मेला तरी नळकांडं वढतोय."

आणि मग, कडं उलटंपालटं करत,
"काडी कुठाय?"

बाण सरळ जातो तो काडीमुळं, हे कवठ्यात
बाळंतपणाला आलेल्या लेकीलाही माहीत.
काडी नसते, म्हटलं. खालचं तोंडच हलतं
जरा इकडं, जरा तिकडं,
तळहातावर केरसुणी उभी धरावी तसं.
मामा उठला. केरसुणी आणली.
एकाहत्तर वर्षं, साडेतीन बोटं,
अंगणभर मागंपुढं नाचला,
मामी दारातनं ओरडत होती,
अकरा आकड्यांपर्यंत पडू दिली नाही.

धापा टाकत बसला.
"आन वर गेल्यावर? पडत का न्हाई?"
पडतंच. सारखं पडतंच असतं.
पण आडवं इतकं जोरात, की सांगली ते मिरज सव्वा सेकंद.
खाली येईस्तोवर जमीन वाकलेली असते.
"म्हंजे नेम चुकतोय."
हो.
"दर बारी?"
दर बारी.
त्यानं ती दीड जागा अंगठ्यानं चोळली, बराच वेळ.
काही बोलला नाही.

दसऱ्याला, पालखी निघायच्या आधी, साडेसातला
आम्ही गच्चीवर. खाली पोरं बाण लावत होती.
वायव्येकडून एक ठिपका आला,
न लुकलुकता, न आवाज करता.
मामानं बोट वर केलं, अर्धं होतं ते,
आणि रेल्वेच्या माणसासारखा म्हणू लागला,
"मिरज... शेडबाळ... उगार... कुडची..."
रायबागच्या आधी ठिपका गेला.

"इझला?"
नाही मामा, आपल्याच सावलीत शिरला. पृथ्वीच्या.
"मग चालूच हाय."
चालूच आहे.
खाली कुणाचा तरी बाण वाकडा जाऊन
पत्र्यावर आपटला.
मामा कठड्यावरून ओरडला,
"काडी बघ आधी, काडी!"